काट्यावर ये, मग बोलू!

तुमचं वजन किती?

थांबा, थांबा. खरं सांगू नका. जिमच्या फॉर्मवर लिहिता तेवढंच सांगा. किंवा मॅट्रिमोनी साइटच्या प्रोफाइलवर आईने भरलंय तेवढं. आपण सगळेच दोन-चार किलोंची सूट स्वतःला देऊन टाकतो. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. फार तर पहिल्या भेटीत समोरचा माणूस कॉफीच्या कपाआडून एकदा नीट बघून घेतो, एवढंच.

पण आजचा विषय माणसांच्या वजनाचा नाही. आजचा विषय आहे एका घराच्या वजनाचा. ट्रकच्या पाठीवर बसून फिरणाऱ्या घराच्या. आणि तिथे दोन-चार किलोंची सूट दोन-चारशे किलोंवर गेली, तर काय लोचा होतो, ते मी गेल्या जूनमध्ये याचि देही, याचि डोळा बघून आले आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या एका उपनगरात. आम्ही त्याला नुसतं दादा म्हणतो. दादा, वहिनी आणि सहा वर्षांचा माझा भाचा. दादा सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने ‘झालं, चालतंय’ म्हटलं की ‘दाखव’ म्हणणं हा त्याचा रोजचा धंदा. वहिनी फार्मसिस्ट. आणि मी, तुम्हाला माहीत आहेच, फ्रीलान्सर. त्यामुळे विमानाचं तिकीट दादाने काढलं, हे वेगळं सांगायला नको.

तर दादाने ट्रक कॅम्पर घेतला होता.

ट्रक कॅम्पर म्हणजे काय? अमेरिकेत पिकअप ट्रक घरोघरी असतो. फोर्डची एफ-सीरीज तर १९७७ पासून तिथली सर्वांत जास्त खपणारी पिकअप आहे. या पिकअपच्या मागच्या हौद्यात एक छोटं घर अलगद बसवायचं. त्यात पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, टॉयलेट, पाण्याची टाकी. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर, केबिनच्या टपावर पुढे आलेला. कॅम्परला स्वतःची चाकं नसतात. चार कोपऱ्यांना चार जॅक. घरी आलात की जॅकवर घर उचलायचं, खालून ट्रक काढून घ्यायचा आणि सोमवारी त्याच ट्रकने ऑफिसला जायचं. सॉलिड फंडा आहे ना?

मलाही तेच वाटलं. दादाने व्हिडिओ कॉलवर आतून फिरवून दाखवला तेव्हा मी म्हटलं, ‘दादा, हा तर माझ्या अंधेरीच्या पीजीपेक्षा मोठा आहे.’ आणि खोटं नव्हतं ते.

आता गणिताकडे येऊ. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे.

बहुतेक पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये. याला पेलोड म्हणतात. जाहिरातीत असतो तो पेलोड त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या, बिनसजावटीच्या ट्रकचा. दारावरचा असतो तो तुमच्या ट्रकचा, त्यात टाकलेल्या सनरूफ, लेदर सीटसकट. अमेरिकन लोक पिकअपला अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी अशी नावं देतात. या नावांचा आजच्या क्षमतेशी फारसा संबंध उरलेला नाही. दारावरचा आकडा तेवढा खरा.

दादाचा ट्रक पाऊण टनी. पूर्ण भरलेल्या ट्रकचं जास्तीत जास्त वजन १०,००० पाउंड, म्हणजे साधारण साडेचार टन. दारावरचा पेलोड ३,०१२ पाउंड. कॅम्परच्या ब्रोशरमध्ये ‘ड्राय वेट’ २,५९० पाउंड. दादाने अर्थातच एक्सेल शीट केली. ३,०१२ वजा २,५९०, उरले ४२२. त्यातून तो स्वतः १७२, वहिनी १३०, पिल्लू ४८. उरले ७२. शीटमधला तो चौकोन हिरवा झाला. टेस्ट पास!

त्या हिरव्या चौकोनाच्या भरवशावर दादाने काही हजार डॉलरचं कर्ज काढलं आणि माझं तिकीट बुक केलं. प्लॅन होता मोअॅबचा. डेन्व्हरपासून साडेतीनशे मैलांवर, युटामध्ये, लाल दगडांच्या कमानींचं गाव. रस्ता आय-७०. वाटेत ११,१५८ फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा, मग १०,६६२ फुटांचा व्हेल पास. म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटाचा आजोबा म्हणा.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीने किचन भरलं. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं (हो, अमेरिकेतसुद्धा), तांदूळ, डाळ, थालीपिठाची भाजणी, लोणचं. दादाने पाण्याची टाकी गळ्यापर्यंत भरली. गॅसचे दोन सिलिंडर. खुर्च्या, जाजम, टूलकिट, पिल्लूची सायकल. आणि माझी तेवीस किलोंची बॅग, जी मी मुंबई एअरपोर्टवर अक्षरशः गुडघा टेकवून बंद केली होती.

दादाने निघताना मला विचारलं, ‘तुझं वजन काय गं? पाउंडात सांग.’

मी म्हटलं, ‘१२०.’

सकाळी सातला निघालो. पहिल्याच वळणावर मला जाणवलं की ट्रक कललाय आणि सरळ व्हायला वेळ घेतोय. बोटीत बसल्यासारखं. मी काही बोलले नाही. पाहुण्याने ड्रायव्हिंगवर बोलू नये, हे संस्कार. वहिनी मात्र दोनदा म्हणाली, ‘अरे, जरा हळू.’ दादा म्हणाला, ‘ट्रक आहे गं, असाच चालतो.’

डिझेल भरायला एका ट्रक स्टॉपवर थांबलो. तिथे मोठमोठ्या अठरा चाकी ट्रकच्या रांगेत एक फलक दिसला, कॅट स्केल. मी विचारलं हे काय. दादा म्हणाला, ‘वजनकाटा. ट्रकवाल्यांसाठी.’ मला अशा वेळी गप्प बसवत नाही, मास कॉमला तेवढंच शिकवतात. मी म्हटलं, ‘आपण करायचं का? मला कॉलमला विषय होईल.’ दादा हसला. ‘चल, गंमत म्हणून.’

कॅट स्केल ही कंपनी १९७७ पासून हेच काम करते आणि अमेरिका-कॅनडात मिळून त्यांचे दोन हजारांहून जास्त काटे आहेत. काट्याचे वेगवेगळे पट्टे असतात. पुढची चाकं एका पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर. त्यामुळे नुसतं एकूण वजन कळत नाही, कुठल्या अॅक्सलवर किती बोजा आहे तेही कळतं. साधारण पंधरा डॉलर पडतात. एका सिनेमाचं तिकीट. फक्त हा सिनेमा हॉरर निघाला.

पावती हातात आली. पुढचा अॅक्सल ४,४८०. मागचा ६,७६०. एकूण ११,२४० पाउंड.

दादाने पावती उलटी करून पाहिली. जणू मागच्या बाजूला खरा आकडा असेल.

मर्यादा १०,०००. आम्ही १,२४० पाउंड वर. किलोत सांगते, ५६२ किलो. म्हणजे आमच्यासोबत घरात एक अख्खी म्हैस प्रवास करत होती आणि तिचं एक्सेलमध्ये नावच नव्हतं.

पण त्याहून वाईट आकडा मागच्या अॅक्सलचा होता. त्याची मर्यादा ६,३४०. आणि टायर? टायरच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पूर्ण हवा भरल्यावर हा टायर जास्तीत जास्त किती वजन पेलेल. दादाने वाकून वाचलं. ३,१९५. दोन टायर मिळून ६,३९०. आमचा बोजा ६,७६०. म्हणजे टायर बनवणाऱ्याने जिथे हात वर केले, त्याच्याही पुढे ३७० पाउंड, पाऊणे दोनशे किलोंच्या आसपास.

जास्त वजनाने टायरची भिंत दर फेऱ्याला प्रमाणाबाहेर दबते आणि सुटते. दबण्या-सुटण्याने उष्णता तयार होते. जून महिना, तापलेला रस्ता, ताशी शंभरचा वेग. उष्णता टायरच्या आतले थर सुटे करते आणि मग एका क्षणी टायर फुटतो. वर उंचच उंच घर असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्यही वर गेलेला. अशा वेळी मागचा टायर फुटला तर स्टीअरिंगच्या हातात फार काही उरत नाही. आणि घाटाच्या उतारावर ब्रेक या जास्तीच्या ५६२ किलोंनाही थांबवायचं काम करत तापत असतात.

दादाने पहिला डिफेन्स मांडला. ‘सगळेच जरा ओव्हरलोड असतात. मागे एअरबॅग टाकल्या की होतं.’

ही एअरबॅग म्हणजे अपघातात फुगते ती नव्हे. मागच्या स्प्रिंगांना आधार देणारे हवेचे फुगे. त्यांनी बसलेला ट्रक वर उचलला जातो, डुलणंही कमी होतं. पण दारावरचा आकडा त्याने एका पाउंडानेही वाढत नाही. टायर तेच, अॅक्सल तोच, ब्रेक तेच. पोट आत ओढून फोटो काढल्यासारखं आहे ते.

तेवढ्यात पावतीच्या काउंटरवर आमच्या मागे उभे असलेले एक सरदारजी काका बोलते झाले. अमेरिकेच्या हायवेंवर आज पंजाबी ट्रकवाले भरपूर आहेत. मराठी-इंग्रजी मिक्स ऐकून त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, ‘बेटा, हमको तो हर लोड तौलना पड़ता है. ओव्हर निकला तो फाइन.’ मग आमच्या कॅम्परकडे बोट दाखवून, ‘इसको कोई नहीं रोकता. इसलिए इसको खुद रुकना चाहिए.’

काकांनी वर्मावर बोट ठेवलं होतं. हायवेवरच्या सरकारी वजनतपासणी नाक्यांवर मालवाहू ट्रकना थांबावं लागतं. घरगुती सहलीच्या गाड्यांना बहुतेक राज्यांत कुणी थांबवत नाही. त्यामुळे ब्रोशरमधला आकडा खोटा आहे हे आयुष्यभर कळलं नाही, तरी चालून जातं. बहुतेकांचं.

दादाने दुसरा डिफेन्स मांडायच्या आत वहिनी बोलली. आवाज अजिबात न चढवता. ‘मी रोज काउंटरवर उभी राहून लोकांना सांगते की लेबलवरचा डोस म्हणजे सजेशन नसतं. माझं पोर मागे बसलंय. मी हा घाट उतरणार नाही.’

संपलं. पुढे काही बोलायचं नव्हतंच.

दादाने पार्किंगच्या कडेला गवतावर टाकीचं पाणी सोडलं. तीस गॅलन, एकशे तेरा लिटर. पाणी वाहत असताना आम्ही तिघं फुटपाथवर बसलो आणि पिल्लू त्या ओहोळात कागदाची होडी सोडत होता. ती होडी त्या पावतीचीच होती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. (फोटो काढून ठेवला होता, टेन्शन नॉट.) मग वहिनी, पिल्लू, मी आणि सगळ्या बॅगा टॅक्सीने घरी. दादा एकटा, आतल्या रस्त्यांनी, हळूहळू.

दुपारभर त्याने हिशेब केला. यावेळी खरा. ‘आता खरं वजन सांग,’ तो मला म्हणाला. मी मान खाली घालून म्हटलं, ‘१३०.’ त्याने काही न बोलता टाइप केलं.

हिशेब असा निघाला. भरलेल्या कॅम्परचं खरं वजन ३,७६० पाउंड. ब्रोशरमधल्या आकड्याहून १,१७० जास्त. गेले कुठे? की आले कुठून म्हणू?

पाणी २५०. गरम पाण्याच्या टाकीतलं पाणी आणखी ५०, जे कुणाच्याच लक्षात राहत नाही. गॅस ४०, आणि तो ज्यात भरतात ते लोखंडी सिलिंडर ३६. दोन बॅटऱ्या १२०. एसी, बाहेरचं गुंडाळायचं छत आणि ‘कम्फर्ट पॅकेज’मधली इतर चैन मिळून १९०. आमचं सामान, भाजणी आणि तेवीस किलोंच्या बॅगेसकट, ३००. बेरीज ९८६.

तरी १८४ पाउंड उरतातच. ते कुठलेच नव्हते. खात्री करायला दादा दुसऱ्या दिवशी कॅम्पर रिकामा करून एकटा परत काट्यावर जाऊन आला. तोच हिशेब. पाणी नाही, सामान नाही, सगळ्या अॅक्सेसरीज वजा केल्या, तरी नुसतं घरच ब्रोशरपेक्षा १८४ पाउंडांनी, म्हणजे सात टक्क्यांनी जड. आणि सगळ्यात कहर म्हणजे, पूर्ण रिकामा कॅम्पर आणि एकटा दादा एवढ्यावरच ट्रक मर्यादेच्या ३२० पाउंड वर होता. ते घर त्या ट्रकवर बसायलाच नको होतं.

मग वहिनीने कॅम्परच्या मागच्या बाजूचा एक छोटा स्टिकर वाचला. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतला हा खरा क्लायमॅक्स आहे.

अमेरिकेच्या वाहनांसंबंधीच्या नियमांत ५७५.१०३ नावाचं एक कलम आहे, खास ट्रक आणि कॅम्परसाठी. त्यानुसार प्रत्येक कॅम्परवर उत्पादकाने लेबल लावायचं. त्यावर कॅम्परचं जास्तीत जास्त वजन लिहायचं, आणि ते कशासकट धरलंय तेही लिहायचं. स्टॅण्डर्ड वस्तू, इतके गॅलन पाणी, इतका गॅस, एवढा फ्रीज. शिवाय हेही सांगायचं की जास्तीच्या वस्तूंचं वजन माहितीपुस्तकात बघा. दादाच्या कॅम्परवर हे लेबल होतं. आकडा होता ३,१५०.

म्हणजे खुद्द उत्पादकच मान्य करत होता की एसी, छत, सामान, माणसं यांतलं काहीही न धरता हे घर ट्रकच्या पेलोडपेक्षा १३८ पाउंड जड आहे. साधारण एका आत्याएवढं.

ब्रोशरमध्ये २,५९०. लेबलवर ३,१५०. काट्यावर ३,७६०. एकाच घराची तीन वजनं. आणि दादाने कर्ज काढलं ते पहिल्यावर.

‘मी ऑफिसमध्ये डेव्हलपरच्या शब्दावर एक ओळ पास करत नाही,’ दादा रात्री म्हणाला. ‘आणि इथे सेल्समनच्या शब्दावर पोराला मागे बसवलं.’ त्यावर वहिनीने त्याच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं. आमच्या घरात माफी अशीच होते.

डीलरला फोन केला. तो एकदम गोड बोलला. ब्रोशरच्या शेवटच्या पानावरची तळओळ वाचून दाखवली त्याने. वजनं अंदाजे आहेत, बदलू शकतात. बास. विषय संपला.

आता न्यायाने बोलायचं, तर प्रत्येक उत्पादक खोटारडा नसतो. ‘ड्राय वेट’ म्हणजे पाणी, गॅस, सामान यांच्याशिवायचं वजन, आणि तेही बहुधा मॉडेलच्या साध्यात साध्या रूपाचं. तो आकडा कधीतरी, कुठल्यातरी एका नगाचं वजन करून काढलेला असतो. पुढे वर्षभरात फ्रीजचा मेक बदलतो, प्लायवूडचा लॉट जड येतो, गाद्या जाड होतात. ब्रोशर तेच राहतं. काही कारखाने प्रत्येक नग बाहेर पडताना काट्यावर चढवतात आणि तोच आकडा लेबलवर लिहितात. त्यांचं लेबल काट्याच्या बरंच जवळ जातं.

पण हलका आकडा छापण्याचा मोह कुणाला असतो, तेही उघड आहे. गिऱ्हाइकाकडे ट्रक आधीच असतो. कॅम्पर त्या ट्रकमध्ये ‘बसतो’ असं कागदावर दिसलं तर विक्री होते, नाही दिसलं तर तो शेजारच्या शोरूमला जातो. साध्या मॉडेलचा हलका आकडा छापायचा आणि शोरूममध्ये मात्र एकही साधं मॉडेल ठेवायचं नाही. सगळी ‘पॅकेज’वाली. आकडा खोटा नाही. फक्त तो ज्या वस्तूचा आहे, ती वस्तू कुणी विकतच नाही.

ओळखीचं वाटतंय ना?

ऑफर लेटरवरचा सीटीसी आठवा. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, ‘परफॉर्मन्सवर अवलंबून’ असलेला बोनस. महिन्याच्या शेवटी खात्यात येतं ते वेगळंच. आकडा खोटा नसतो, आपल्या खिशात येणाऱ्या पैशांचा नसतो एवढंच. किंवा फ्लॅटचा ‘सुपर बिल्ट-अप’ आठवा. जिना, लॉबी, लिफ्ट, सगळं तुमच्या हॉलमध्ये मोजलेलं. ते थांबवायला रेरा कायदा यावा लागला, आणि महाराष्ट्रात मे २०१७ पासून बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. गाडीच्या मायलेजचंही तेच. पुण्याच्या एआरएआयचा आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला. सिल्क बोर्डच्या किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुमच्या क्लचखाली तो भेटत नाही.

फरक एवढाच की सीटीसीच्या फरकाने फार तर गोव्याची ट्रिप बुडते.

आमची मोअॅबची ट्रिप मात्र बुडली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही वहिनीच्या कारने निघालो. डिकीत एक तंबू, चार स्लीपिंग बॅग, भाजणी आणि लोणचं. कुकर घरी ठेवला.

व्हेल पास चढून गेल्यावर पलीकडे उतार लागतो, सात टक्क्यांचा. मैलोन्‌मैल. त्या उतारावर रस्त्याच्या कडेला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने सरळ त्यात घुसायचं आणि खडीत रुतून थांबायचं. त्यासाठीच आहेत ते. पहिला चढ दिसला तेव्हा पिल्लूने विचारलं, ‘बाबा, हा रस्ता कुठे जातो?’

दादा काही बोलला नाही. वहिनीने त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढचे दहा-पंधरा मिनिटं गाडीत कुणीच काही बोललं नाही, आणि टायर आपले शांतपणे फिरत होते.

मोअॅब सुंदर आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

दादाने नंतर तो ट्रक विकला आणि एक टनी घेतला. दारावरचा आकडा आधी, किंमत नंतर, अशा क्रमाने. घेताना घाटा सोसला, आणि कर्जाचा हप्ता वाढला. कॅम्पर तोच आहे, कारण घरात सगळ्यांचा जीव जडलाय त्याच्यावर. यावेळी भरून, माणसांसकट, काट्यावर नेला. पावती मला व्हॉट्सअॅपवर आली. चौकोन हिरवा. खाली वहिनीचा मेसेज, ‘मी पण तपासलंय.’

तुमच्यापैकी कुणी तिकडे असाल, किंवा तिकडच्या भावा-बहिणीला हा अंक पाठवणार असाल, तर थोडक्यात सांगते.

ट्रकचा पेलोड दारावर वाचा, जाहिरातीत नाही. कॅम्परचं वजन लेबलवर वाचा, ब्रोशरमध्ये नाही. आणि त्यात लेबलवर नसलेल्या सगळ्या वस्तू स्वतः मिळवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात कुणाचंच ब्रोशर खोटं बोलू शकत नाही. पैसे देण्याआधी डीलरला काट्याची पावती मागा. नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. कॅम्परचा गुरुत्वमध्य बहुधा बाजूला खूण करून दाखवलेला असतो. तो ट्रकच्या मागच्या अॅक्सलच्या पुढे यायला हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग सैल पडतं. आणि शेवटी, सगळं भरून, सगळी माणसं बसवून काट्यावर जा. एकूण वजनाइतकंच मागच्या अॅक्सलचं वजन बघा, आणि ते टायरवरच्या आकड्याशी ताडून बघा.

इकडे असाल तरी हा विषय फार लांबचा समजू नका. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि टेम्पो किंवा पिकअपवर घर बांधून घ्यायची हौस आपल्याकडेही आता रुजते आहे. गाडी बांधून देणारा ‘हलकं आहे हो, काही नाही’ म्हणाला, की हायवेवरच्या कुठल्याही वजनकाट्याची आठवण ठेवा. वाळूचे, ऊसाचे, भंगाराचे ट्रक जिथे चढतात तिथे तुमचं घरही चढू शकतं.

आणि हो. परतीच्या विमानाला चेक-इन करताना माझी बॅग साडेचोवीस किलो भरली. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. निमूटपणे बाजूला झाले, बॅग उघडली आणि दीड किलो चॉकलेट काढून हातात घेतलं.

काट्याशी वाद घालायचा नसतो, एवढं मी शिकले आहे.